ठिपकूची आईशप्पथ

ऐका हं, सगळ्यांनी कान इकडे करा!

हौसाकाकूच्या अंगणात एक कोंबडी होती. तिचं एकच पिल्लू. इवलंसं, पिवळंधमक, डोक्यावर काळा ठिपका. म्हणून त्याचं नाव ठिपकू.

एकदा काय झालं, कुंपणातून मुंगूस आलं. सर्रर्र! ठिपकूवर झडप घातली. पण आई मध्ये पडली. कॉक कॉक कॉक! मुंगूस पळालं. आईच्या पाठीवर मात्र जखम झाली. लाल लाल.

आणि लाल दिसलं की कोंबड्यांना राहवतं का? अंगणातल्या बाकीच्या सगळ्या धावल्या टोचायला. टच! टच! टच!

"हाड! शरम नाही वाटत?" हौसाकाकू ओरडली. तिने कोमट पाण्याने जखम धुतली. आईला डालग्याखाली झाकलं, त्या मोठ्या टोपलीखाली. तरी मेल्या फटीतून चोची घालतातच! टच! टच!

ठिपकू रडायला लागला.
"काकू, काकू, आईला बरं कर!"
काकू म्हणाली, "हळद आहे, तेल नाही. कोरडी हळद झडून जाते रे. तेल आण, मग लावते. लवकर हं, जखम चिघळेल!"

ठिपकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला केरबातात्यांच्या तेलघाण्यावर.
"तात्या, तात्या, तेल द्या!
तेल मिळालं तर काकू हळद लावेल,
हळद लागली तर आई बरी होईल!"
तात्या म्हणाले, "तेल कुठलं देऊ? बैल बघ कसा फतकल मारून बसलाय! तो घाणा फिरवेल, मग देतो."

ठिपकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला बैलापाशी.
"बैला, बैला, घाणा फिरव!
घाणा फिरला तर तात्या तेल देतील,
तेल मिळालं तर काकू हळद लावेल,
हळद लागली तर आई बरी होईल!"
बैल म्हणाला, "हम्मा! रोज वाळका कडबा. पायात त्राण नाही. हिरवं गवत उगवू दे, मग फिरवतो."

ठिपकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला बांधावर.
"गवता, गवता, वर ये!
गवत उगवलं तर बैल घाणा फिरवेल,
घाणा फिरला तर तात्या तेल देतील,
तेल मिळालं तर काकू हळद लावेल,
हळद लागली तर आई बरी होईल!"
गवत मातीखालून म्हणालं, "कसं येऊ? माती घट्ट झालीय. डोकंच निघेना! गांडूळ माती उकरेल, मग येतो."

ठिपकूने जमिनीला कान लावला.
"गांडुळा, गांडुळा, माती उकर!
माती सुटली तर गवत उगवेल,
गवत उगवलं तर बैल घाणा फिरवेल,
घाणा फिरला तर तात्या तेल देतील,
तेल मिळालं तर काकू हळद लावेल,
हळद लागली तर आई बरी होईल!"

"वा रे वा!" गांडूळ म्हणालं. "मी वर येऊ, आणि तू मला गट्टम करणार?"
"नाही खाणार!"
"आईशप्पथ?"
ठिपकूला हुंदका आला. "आईशप्पथ!"

गांडूळ वर आलं. अगं बाई, काय गुबगुबीत! ठिपकू सकाळपासून उपाशी. पोटात गुर्रर्र झालं. तोंडाला पाणी सुटलं. गांडूळ अगदी चोचीपुढून गेलं. वळवळ, वळवळ.

ठिपकूने चोच घट्ट मिटली. डोळेही मिटले. नाहीच खाल्लं!

मग काय! गांडुळाने माती उकरली. भुसभुस!
गवत उगवलं. लुसलुस!
बैलाने खाल्लं. कराम कराम! उठला आणि घाणा फिरवला. कुईं कुईं!
तेल गळलं. टप टप टप!
तात्या म्हणाले, "तुझ्या चोचीत काय मावणार, बाळा? चल, मीच येतो." वाटी घेऊन आले की हो!
काकूने तेलात हळद कालवली. हलक्या हाताने जखमेवर लावली. लाल झाकलं गेलं, सगळं पिवळं झालं. मग कोण टोचतंय?

काही दिवसांनी काकूने डालगं उचललं. आई बाहेर आली, ठणठणीत! पंख झाडले. फडफडफड! ठिपकू तिच्या पायात लुडबुडला. आईने माती उकरली. खर खर खर! आणि निघालं काय? गांडूळ!
"ये रे राजा, खा!"
ठिपकू ओरडला, "थांब आई, त्याला नको!
याने माती उकरली, म्हणून गवत उगवलं,
गवत उगवलं, म्हणून बैलाने घाणा फिरवला,
घाणा फिरला, म्हणून तात्यांनी तेल दिलं,
तेल मिळालं, म्हणून काकूने हळद लावली,
हळद लागली, म्हणून तू बरी झालीस!"

आई बघतच राहिली. मग तिने मान खाली घातली. "फार उपकार झाले रे बाबा," ती गांडुळाला म्हणाली.

आणि पायाने त्याच्यावर मऊ माती ओढली. हळूच, हं. त्याला ऊन लागू नये म्हणून.