लेवती

एका गावात एक हाक होती. हो, हाकच! रोज सकाळी शाळेच्या वेळेला ती एका दाराशी यायची: "लेवती, चल गं, उशील झाला!"

हाक मारणारी बकुळा. तिला 'र' म्हणता यायचा नाही. आणि जिला हाक मारायची ती रेवती. दोघी सहावीत, एकाच बाकावर बसणाऱ्या. साऱ्या गावाची ती रेवती होती, लेवती फक्त बकुळाची. रेवतीला ते इतकं आवडायचं की हाक ऐकू येईपर्यंत मुद्दाम चपला घालायची नाही.

वर्गात शालन नावाची एक दांडगी मुलगी होती. खो-खोचा संघ तिचा, चिंचेखालचा पार तिचा, आणि कुणाला हसायचं तेही तीच ठरवायची. त्या पारावर आपल्यालाही बसायला मिळावं, असं रेवतीला फार वाटे.

एके दिवशी मधल्या सुट्टीत शालन म्हणाली, "ये की आमच्यात. पण आधी ती बोबडी तुला हाक कशी मारते, ते म्हणून दाखव."

बकुळा तेव्हा नळावर दोघींचे डबे धूत होती. नको म्हणायचं रेवतीच्या अगदी ओठांवर आलं होतं हो! पण पारावरच्या मुली सरकून जागा करत होत्या.

तिने मान वेळावली, जीभ जड केली आणि म्हणाली, "लेवती, चल गं, उशील झाला!"

हसून हसून मुलींची मुरकुंडी वळली. रेवतीही हसली. मागे वळून पाहते तर बकुळा उभी, दोन्ही हातांत दोन डबे. तिने रेवतीचा डबा पारावर ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हजेरीला बकुळाचं नाव घेतलं. तिने तोंड उघडण्याआधीच सगळा वर्ग ओरडला, "हजल!" गुरुजी रागावले, पण त्याने काय होतंय? त्या दिवसापासून बकुळा नुसता हात वर करू लागली. दाराशी हाक यायची थांबली.

रेवती तिच्या घरी गेली, रडली. "चुकलं गं माझं. एकदा हाक मार ना!"

बकुळा उठून आत निघून गेली. तिची आई म्हणाली, "बाळ, ती आता आमच्याशीही बोलत नाही गं. आरशापुढे बसून नुसती र र करत असते."

पावसाळा गेला, थंडी आली. एका सकाळी रेवतीच्या दाराशी आवाज आला, "रेवती!"

ती अनवाणीच धावली. दारात बकुळा होती.

"रेवती, गुरुजींनी लवकर बोलावलंय. सगळ्यांना निरोप देतेय."

एकही अक्षर चुकलं नव्हतं. रेवती कशीबशी म्हणाली, "किती छान जमतंय गं तुला!"

"हो. आता कुणी हसत नाही," बकुळा म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली.

रेवती उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. आई विचारत राहिली, "अगं, झालं तरी काय? नावानेच तर हाक मारली ना तिने?"

तात्पर्य एवढंच, मुलांनो: जिवाभावाच्या माणसाचं बोलणं चारचौघांत हसण्यावारी नेऊ नये. हसणारे घटकाभर हसतात आणि विसरतात, पण आपल्यासाठीची ती हाक कायमची हरवते.