जाड दालचिनीचा रुसवा

मसाल्याच्या डब्यातली मंडळी अजून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. जाड दालचिनीला आपल्या घमघमाटाचा भारी तोरा. शेजारच्या पातळ सिलोनी दालचिनीला ती ‘कागदाची सुरळी’ म्हणायची. पण सासऱ्यांच्या रोजच्या काढ्यात यमुताई त्या सुरळीचाच तुकडा टाकत. "रोज पोटात जायचं ते सौम्यच बरं," म्हणत.

जाड दालचिनी रुसली. "रविवारच्या मटणाला मी लागते, मग रोजचा मान तिला का?"

वेलदोडा हसला. "अगं, जावई आला की घरात थाट असतो. तोच रोज येऊन बसला तर?"

तेव्हापासून सकाळी डबा उघडला की जाड दालचिनी गुपचूप मागे सरकते. रविवारी मात्र सगळ्यांच्या पुढे.