तीन देशांच्या पदव्या

एका डोंगराळ मुलखात कीर्तिध्वज नावाचा राजा होता. तो मुळात संशयी नव्हता. पण त्याचा लहानपणापासूनचा मित्र, ज्याच्या हाती त्याने डोळे मिटून खजिना सोपवला होता, तो बरंच सोनं घेऊन परमुलखात पळाला. तेव्हापासून राजाचा स्वभावच पालटला. तो स्वयंपाक्यावर पाळत ठेवी, आणि पाळत ठेवणाऱ्यावर आणखी एकाला नेमी. दरबारात दोन माणसं हळू बोलताना दिसली, की तो दोघांनाही वेगवेगळं बोलावून काय बोलत होतात ते विचारी.

खजिना सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. आपल्या राज्यातल्या एकाही माणसावर राजाचा विश्वास बसेना. शेवटी त्याने परदेशांत दवंडी पिटवली, की ज्याने प्रजेचा पैसा सांभाळण्याची विद्या रीतसर शिकून पदवी मिळवली असेल, त्याने यावं.

तिघेजण आले. पर्वतापलीकडच्या देशातून वज्रधर आला. त्याच्याकडे गुरुकुलातली ‘कोशरक्षक’ ही पदवी होती. समुद्रकाठच्या देशातून नीलांबर आला. त्याला व्यापाऱ्यांच्या महासंघाने कठीण परीक्षा घेऊन पदवी दिली होती. तिसरी उत्पला, मध्यम वयाची बाई, सपाटीवरच्या नद्यांच्या देशातून आली. तिच्या देशात गावोगावची सरकारी कामं पार पाडून दाखवल्याशिवाय पदवी मिळतच नसे.

आता यांतली थोर पदवी कुठली? राजाने एक युक्ती काढली. तो प्रत्येकाला एकट्याला बोलावी आणि उरलेल्या दोघांच्या पदव्यांबद्दल विचारी. पडद्याआड हेर बसवलेले असत.

वज्रधराने सांगितलं, की समुद्रकाठी पदव्या विकत मिळतात, आणि नद्यांच्या देशातल्या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही. नीलांबराने दुसऱ्या दोघांना अडाणी ठरवलं. राजाला दोघांचंही बोलणं पटलं. माणसं एकमेकांबद्दल असंच बोलणार, असं त्याला वाटे.

उत्पलाने मात्र वेगळंच सांगितलं.

“महाराज, वज्रधरांच्या देशावर सतत स्वाऱ्या होतात, म्हणून तिथे खजिना राखायला शिकवतात. नीलांबरांच्या देशात बंदरं आहेत, म्हणून तिथे जकात वसूल करायला शिकवतात. आमच्या नद्या दरसाल कोपतात, म्हणून आम्ही वेळेवर खर्च करायला शिकतो. तिन्ही विद्या खऱ्या आहेत. तुमच्या राज्याला आज कशाची गरज आहे, ते आधी पाहा.”

राजाचे अमात्य भार्गव तेवढे जवळ उभे होते. त्यांनी मान डोलावली. राजाने ते पाहिलं, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. स्वतःला पद हवं असताना ही बाई दुसऱ्यांची बाजू का घेते? अमात्य मान का डोलावतात? त्यातच हेरांनी बातमी आणली, की तिघेही उतरले होते त्या धर्मशाळेत एका संध्याकाळी ते एकाच पंगतीला जेवले. उत्पलाने काहीतरी कट रचला आहे, याला राजाला एवढा पुरावा पुरला. त्याने उत्पलाला निरोप दिला. नीलांबर फार गोड बोलतो म्हणून त्यालाही घालवलं, आणि कोशाध्यक्षाची वस्त्रं वज्रधराला दिली.

उत्पला परतताना राजधानीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या तलावावरून गेली. तलावाचा मातीचा बांध एका जागी पाझरत होता. ती खाली उतरली. तिने चिखलात हात घालून पाहिलं, आणि वाटेवरच्या चौकीतून राजाला निरोप धाडला, की पावसाळ्याआधी हा बांध दुरुस्त करा. राजा निरोप ऐकून हसला. “पद मिळालं नाही, म्हणून आता खजिना उघडायला लावते आहे,” तो म्हणाला.

वज्रधर शिकला होता तसाच वागला. त्याने भांडाराला तीन कुलपं लावली. किल्ल्या तीन वेगवेगळ्या पहारेकऱ्यांकडे दिल्या, आणि ते तिघे एकमेकांना भेटणार नाहीत अशी व्यवस्था केली. राजाला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

तलावाखालच्या वाडीचा पाटील शिदोजी एके दिवशी दरबारात आला. बांधाचा पाझर वाढला होता. त्याने दगड आणि मजुरीसाठी पैसे मागितले. वज्रधराने विचारलं, बांध फुटेलच याला आधार काय? राजाने तर पाटलाकडेच रोखून पाहिलं. पैसे मिळावेत म्हणून यानेच बांध पोखरला नसेल कशावरून? त्याने एक हेर वाडीत पाठवला. बांध खरोखर कच्चा झाला आहे, असं हेराने येऊन सांगितलं. तेव्हा हेर पाटलाला फितूर तर नाही ना, हे पाहायला राजाने दुसरा माणूस धाडला.

तो माणूस परत येण्याआधी डोंगरात ढगफुटी झाली. भर दुपारी बांध फुटला. वाडीतली घरं, गुरं, उभी पिकं वाहून गेली. माणसंही गेली. त्यांत शिदोजीची सून आणि तिच्या कडेवरचं मूल होतं.

बातमी आली तेव्हा राजा दरबारात बसला होता. त्याला आधी भांडाराचीच आठवण झाली. वज्रधर पुढे आला आणि अदबीने म्हणाला, “महाराज, निश्चिंत असा. एक कवडीसुद्धा हललेली नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याने चोरी केली नव्हती, आळस केला नव्हता. राजाने त्याला ज्यासाठी नेमलं होतं, ते त्याने चोख केलं होतं. राजाला त्याच्यावर रागावता येईना.

इतक्यात चिखलाने माखलेला शिदोजी दरबारात येऊन उभा राहिला. तो रडत नव्हता. राजाने त्याला काय हवं ते माग म्हटलं.

“काही नको, महाराज,” शिदोजी म्हणाला. “सोनं चोरानं नेलं असतं, तर चार वर्षांत पुन्हा साठलं असतं. आमची माणसं कुठून आणाल?”

एवढं बोलून तो निघून गेला.

राजाने त्याच दिवशी तिन्ही कुलपं उघडायला लावली. उत्पलाला आणायला त्याने खुद्द अमात्यांना पाठवलं. ती आली, पण तिने आधी एक गोष्ट स्पष्ट केली. “माझा हिशेब दर महिन्याला चावडीवर सगळ्यांसमोर मागा,” ती म्हणाली. “मी तो आनंदाने देईन. पण काम अडवून माझी परीक्षा घेऊ नका.” राजाने मान्य केलं. वज्रधराला त्याने घालवलं नाही. भांडाराची राखण त्याच्याकडेच राहिली, खर्चाचा अधिकार उत्पलाकडे आला.

वर्षभरात दगडी बांध उभा राहिला. वाडी नव्याने वसली. राजा तिथे घरं पाहायला गेला, तेव्हा लोकांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं, सगळं रीतीप्रमाणे केलं. आणखी काही हवं का, असं त्याने प्रत्येक दारात विचारलं. कुणीही काही मागितलं नाही. राजा पाठमोरा झाला की लोक एकमेकांकडे पाहत, आणि आज हा इतका गोड का बोलतो आहे, असं हळूच विचारीत.

तात्पर्य: माणूस निवडताना पदवी कुठल्या देशाची हे पाहू नये, आपली गरज काय ते पाहावं. हिशेब जरूर मागावा, पण संशयाला कारभार सोपवू नये. संशय खजिना वाचवील, पण ज्यांच्यासाठी तो खजिना असतो त्यांना गमावून बसेल.