पेट्या हलवण्याचं कारण

फवारणीच्या औषधाने मधमाश्या मरतात, हे वाक्य अहवालातून काढा, असं कृषिसचिव सरनोबतांनी शास्त्रज्ञ हेमांगी उकिडव्यांना फर्मावलं. "नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप!"

"काढते, साहेब. पण एक कुतूहल आहे. तुमच्या डाळिंबाच्या बागेत फळधारणेसाठी आमच्याच मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात. उद्या तिथे हेच औषध फवारणार ना? मग पेट्या तिथेच राहू देत?"

सरनोबत ताडकन उठले. "छे! ऐन बहरात? आजच्या आज हलवा!"

बाईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "पेट्या सरकारी आहेत, साहेब. हलवायचं कारण तेवढं स्वतःच्या हाताने लिहून सही करा. तुम्ही लिहाल तेच वाक्य मी अहवालात घालते."