दरबारातली नदी

चंदनगडच्या राजाने दवंडी पिटली, "दरबारातल्या नदीच्या चित्रावर असं लिहा, की लिहिलेलंच चित्र व्हावं. जिंकेल त्याला सोन्याचं कडं!"

पोथ्यांचे ढीग लागले. भानुमतीने मात्र पहाटेच येऊन चित्रापासून थेट सिंहासनापर्यंत निळ्या रांगोळीने अक्षरं काढली. काठाला सुटी सुटी, पुढे दाट आणि मधोमध गरगर फिरणारी.

परीक्षक त्रिविक्रमशास्त्र्यांनी नाक मुरडलं. "महाराज, लेखन पोथीत असतं! ही रांगोळी तुडवत मी खुशाल आपल्यापर्यंत येतो."

भानुमतीने आपल्या अक्षरांकडे पाहिलं. आज हे पुसलं गेलं, तर पुन्हा असं लिहायला कोण धजावेल? तरी ती हात जोडून म्हणाली, "या की शास्त्रीबुवा. फक्त वाचत वाचत या."

शास्त्रीबुवा मोठ्याने वाचत निघाले. आधी वाळू, मग घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. त्यांचा आवाज खोल गेला. भोवऱ्याच्या ओळी वाचताना ते स्वतःभोवती फिरले. दरबार श्वास रोखून पाहत होता.

भानुमती हळूच म्हणाली, "शास्त्रीबुवा, रांगोळीने धोतर भिजत नाही."

त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी धोतर गुडघ्यांवर उचलून धरलं होतं.

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या सरदारांनीही पाय वर घेतले होते.

"महाराज," शास्त्रीबुवा कापऱ्या आवाजात म्हणाले, "कडं तिलाच द्या. पण आधी मला हात द्या. काठ अजून लांब आहे."