सुटलं, आभारी आहे

“…पण सर, लिनक्सवर हा खेळ चालेल की नाही, एवढंच सांगा ना?”

“चालेल का ते विचारतेस, की चालवायचाय?”

अश्लेषा घोरपडे गप्प झाली. तिला गप्प झालेलं आख्ख्या साताऱ्यात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

बागवान सर पॉलिटेक्निकातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी माणसं जुने लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर यायची आणि सर त्यांवर लिनक्स घालून द्यायचे. लिनक्स म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी अशी संगणकाची यंत्रणा. मी माझा प्रिंटर घेऊन बसलो होतो. तो प्रिंटर हा वेगळा विषय आहे.

अश्लेषा इंजिनिअर, नाकावर माशी बसू न देणारी. एवढी शिकलेली बाई खेळासाठी हटून बसली म्हणून ओसरीवर कुणीतरी हसलं. तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं.

तिचा थोरला भाऊ धैर्यशील मस्कतला असतो. वडील गेले तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नाही, आणि ती त्याला नको ते बोलली. तेव्हापासून फोनवर फक्त ‘जेवलास का’ आणि ‘जेवलो’.

पण शुक्रवारी दोघं मिळून एक खेळ खेळायचे. पूर आलेली नदी आणि एक होडी. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं सुकाणू धरायचं. एकट्यानं ती होडी पाण्यात उतरते, पण काठापासून हलतसुद्धा नाही. ‘डावीकडं घे दादा’ म्हणता म्हणता आईच्या गुडघ्यांचा विषय निघायचा, कधी वडिलांचाही. बोलणं व्हायचं ते तेवढंच.

मग तिच्या लॅपटॉपनं मान टाकली. सरांनी त्यावर लिनक्स घातलं आणि तो पुन्हा पळायला लागला. सगळं चालायचं. होडी मात्र पाण्यात उतरली की पडदा काळा.

नवा लॅपटॉप घे, असं मी सुचवून पाहिलं. हा बाबांनी घेऊन दिलाय, एवढंच ती म्हणाली. मी प्रिंटरकडे वळलो.

“मी पहिल्यांदा लिनक्स घातलं,” सर म्हणाले, “तेव्हा त्यावर पत्त्यांचा डाव सोडून धड काही चालत नव्हतं. पोरं मला हसायची. आता हातात मावणारं खेळाचं यंत्र हेच घालून बाजारात येतं.”

पुढचं त्यांनी तिला नीट समजावलं. खेळ विंडोजच्या बोलीत काहीतरी मागतो. मध्ये एक दुभाषा बसलेला असतो, तो ते लिनक्सला सांगतो. पूर्वी दुभाषा अडखळायचा, आता बहुतेक खेळ बटण दाबलं की सुरू होतात. काही हटवादी खेळ अजून दारात उभं करत नाहीत, ते सोडा.

“एवढं शिकवलं कुणी त्याला?” सरांनी विचारलं.

“कंपन्यांनी. पैसा ओतला त्यांनी.”

“ओतला. आणि?”

“आणि काय?”

सरांनी ते सांगितलं नाही. तुझ्याआधी कुणाला हीच अडचण आली असेल तर शोध, म्हणाले.

पुढच्या रविवारी ती आली ती फणफणतच.

शोधता शोधता तिला खेळणाऱ्यांच्या चर्चेचं एक पान सापडलं होतं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी हेच विचारलं होतं. हाच लॅपटॉप, हीच होडी, हाच काळा पडदा. खाली त्याच माणसाची दुसरी ओळ होती: सुटलं, आभारी आहे.

संपलं. कसं सुटलं ते नाही.

“गरज सरो नि वैद्य मरो,” अश्लेषा म्हणाली. “असल्या माणसाला काय म्हणावं, सर?”

सर नुसते हसले. तू विचारलंस का, म्हणाले. तिनं त्याच पानावर, त्या माणसाच्या खालीच, आपला प्रश्न लिहून टाकला होता.

उत्तरं आली. एक केरळातून, एक ब्राझीलमधून. एकानं दुभाष्याची जुनी आवृत्ती वापरून बघायला सांगितलं, दुसऱ्यानं चित्र उमटवणाऱ्या भागाची एक जोडणी बंद करायला. मग आणखी कुणी आणखी काही सुचवलं. अश्लेषानं सगळं एकदम करून टाकलं. आता खेळ उघडेनासाच झाला.

“काय काय बदललंस?” सरांनी विचारलं.

“सगळंच.”

“मग कळलं काय?”

“…काहीच नाही.”

“एका वेळी एक बदल. नाही चाललं तर होतं तसं करायचं, मग दुसरा.”

मी इंजिनिअर आहे, हे मला शिकवू नका, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण ती खाली बसली. सगळं होतं तसं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर मी तिला पाहिलं ते खाली मान घालून बसलेलीच. एक बदल, काळा पडदा. पुन्हा मागे, दुसरा बदल, काळा पडदा. ऑफिसातून आली की हेच, असं तिची आई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. शुक्रवार येत होते, जात होते. दादा हल्ली फोनवर ‘जेवलो’ म्हणायलाही वेळ लावतो, असं अश्लेषा एकदा म्हणाली आणि लगेच स्क्रीनकडे वळली. सोड की आता, असं म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

आणि एका रविवारी ती कंदी पेढे घेऊन आली.

“सुटलं, सर.”

एकेकट्यानं भागेना तेव्हा तिनं दोन-दोन बदल जोडून पाहिले. दुभाष्याची जुनी आवृत्ती आणि ती एक जोडणी बंद, एवढंच एकत्र लागत होतं; बाकीचं उलट बिघडवत होतं. शुक्रवारी होडी पाण्यात उतरली. दोघं पलीकडच्या काठाला लागले. तिथं दादा म्हणाला, त्या वेळी मी यायला हवं होतं. ती म्हणाली, मी तसं बोलायला नको होतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला तो येतोय, तिकीट काढलंय.

सरांनी पेढा तोंडात टाकला. डोळे पुसले, ते काही पेढ्यामुळे नव्हे.

“कुठले गं?”

तिनं दुकान सांगितलं, गल्ली सांगितली. चारनंतर गेलात तर ताजे मिळतात, हे तर न विचारताच सांगितलं.

“आणि तिथं कळवलंस का? त्या पानावर?”

“लगेच. सुटलं, सगळ्यांची आभारी आहे, म्हणून लिहिलं.”

सरांनी तिचा लॅपटॉप पुढ्यात ओढला, ते पान उघडलं आणि तिच्याकडे फिरवलं.

तिच्या आभाराखाली एक नवी ओळ आली होती. कुणीतरी अनोळखी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: माझाही हाच लॅपटॉप, होडी पाण्यात उतरली की पडदा काळा. तुमचं कसं सुटलं?

अश्लेषानं ती वाचली. मग तिची नजर त्याच पानावर वर गेली, तीन वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या ओळीवर. तिचा चेहरा पार उतरला.

“लिहिणार होते, सर. पण दादा वाट बघत होता… आणि मग आम्ही पलीकडं पोचलो.”

सरांनी पेढ्यांच्या पुड्यावर झाकण ठेवलं.

“पोचलीस, फार चांगलं झालं,” ते म्हणाले. “हा अजून अलीकडच्या काठावर उभा आहे. होडी कुठं बांधून आलीस?”