झिर्कूचा रिकामा हात

फार पूर्वी, काचेच्या चंबूतले कण एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. झिर्कोनियम धातूचा एक कण होता, झिर्कू. अंगात धनभार ठासून भरलेला! त्याच्या एका हातात पुढे वाढवायच्या साखळीचं एवढंसं टोक होतं आणि दुसरा हात रिकामा. काहीतरी पकडायला तो हात नुसता वळवळायचा!

शेजारी बसायचा बोरोबा, ऋणभाराचा अगडबंब कण.

"बोरोबा, धरा की माझा हात!" झिर्कू ओरडला. "आधीचा शेजारी क्लोरू कसा घट्ट धरून बसायचा! दुसऱ्या कुणाला हाताजवळ फिरकूही द्यायचा नाही!"

"मी इथंच आहे रे," बोरोबा म्हणाला, "पण हात नाही धरणार."

"मग तुमचा उपयोग काय?" झिर्कू जाम भडकला.

तेवढ्यात इथिलीन वायूचे चिमुकले कण धावत आले. एकाला झिर्कूने रिकाम्या हाताने झडप घालून पकडलं, साखळीला जोडलं, आणि काय गंमत! हात पुन्हा रिकामा! लगेच दुसरा आला, तिसरा आला. "या रे, या! सगळे या!" झिर्कू आनंदाने नाचायला लागला. साखळी वाढली, वळली, बघता बघता पांढरंशुभ्र प्लास्टिक होऊन चंबूभर पसरली.

धापा टाकत झिर्कूने वळून पाहिलं. बोरोबा तिथंच, हाताच्या अंतरावर बसलेला.

"बोरोबा, क्लोरूसारखा हात धरावा असं तुम्हाला एकदाही नाही वाटलं?"

"प्रत्येक वेळी वाटलं," बोरोबा म्हणाला, आणि पुढच्या इथिलीनला वाट द्यायला जरासा सरकून बसला.